‘वरचा मजला’ सापडत नाही

बाबा गेल्यानंतर दीड महिन्याने त्यांचं खोकं घरी आलं. आणून दिलं ते वजनकाट्यावरच्या त्यांच्या जोडीदाराने. भरलेले ट्रक तोलायच्या त्या काट्याच्या केबिनमध्ये बाबांनी एकूण एकोणीस वर्षं काढली होती. सहा वर्षांपूर्वी काटा उचलून दुसऱ्या शहराबाहेर नेला, तेव्हा बाबाही त्याच्या मागोमाग गेले. तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी खोली घेतली. महिन्यातून दोनदा घरी यायचे, दोन दिवस राहायचे, आईशी किरकोळ भांडायचे आणि परत जायचे. शेवटचे चार महिने मात्र ते फिरकलेच नाहीत. माणसं कमी आहेत, साहेब सोडत नाही, पुढच्या आठवड्यात बघतो, अशी रोज नवी सबब फोनवरून यायची. आणि मग एका सकाळी दहा वाजता ते त्या घराच्या जिन्यावरून पडले आणि संपले.

सकाळी दहा वाजता, भर उजेडात, सहा वर्षं पायाखालच्या जिन्यावरून. लोकांना एवढं पुरतं. सांत्वनाला आलेले निघताना फाटकाशी घुटमळायचे, आवाज उतरवून काहीतरी बोलायचे आणि घरातलं कुणी दिसलं की हवापाण्यावर यायचे. जन्मात कधी थेंबाला न शिवलेला माणूस साठीला टेकल्यावर बाटलीच्या नादी लागला, असं ते बोलणं होतं. इस्पितळात त्याची खात्री करून घेता आली असती. पण मुलीने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मुलगी चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात काचा घासायची. कारखाना म्हणजे दोन यंत्रं, एक खिडकी आणि पाण्याचा सतत ओघळ. डॉक्टरची चिठ्ठी येते, तिच्यावर नंबर असतो, त्या नंबराची काच घासून फ्रेममध्ये बसवायची. चौदा वर्षं तेच काम. दुकानात सगळे तिला काचवालीच म्हणत, आणि आता घरासमोरचे शेजारीसुद्धा.

जोडीदाराने खोकं उंबऱ्याशी ठेवलं आणि एकेक वस्तू काढून दाखवली, जणू काही कमी भरलं तर त्याच्यावर येणार होतं. चार शर्ट, पाणी उकळायची किटली, दाढीचं सामान, चष्म्याची डबी. काचवालीने सवयीने डबी उघडली. वर्षापूर्वी तिनेच घासून पाठवलेला चष्मा होता. काचेवर एक ओरखडा नव्हता. किती जपून वापरला बाबांनी, असं तिला वाटलं.

तळाशी अंगठ्याएवढी एक काळी कांडी आणि वायर होती.

“हे टीव्हीला मागून लावायचं,” जोडीदार म्हणाला. “इंटरनेटवरचे सिनेमे, बातम्या, सगळं दिसतं. आम्हीच वर्गणी काढून दिलं होतं त्यांना, वीस वर्षं होत आली काट्यावर म्हणून.”

“एकोणीस,” काचवाली म्हणाली.

“हां, एकोणीस. रिमोट मात्र नाही सापडला. खोलीभर बघितलं.”

तो निघाला तेव्हा तिने त्याला फाटकाशी गाठलं आणि बाबा शेवटी कसे होते ते विचारलं. तो चप्पल दगडावर घासत राहिला.

“माणूस सोनं होता, ताई. काट्याचे ते मोठे लाल आकडे असतात ना, ते लांबून वाचायचे, कधी चूक नाही. पण शेवटी शेवटी…” त्याने अंगठा ओठांशी नेला आणि लाजून खाली घेतला. “मी पाहिलं नाही हो कधी. पण चाल सांगते ना. भिंत धरून यायचे. चहा ओतायला घेतला की निम्मा कपाबाहेर.”

“दार लाव,” आतून आई म्हणाली. “धूळ येतेय.”

आई दीड महिन्यात एकदाही रडली नव्हती. बायका म्हणायच्या, धक्का बसलाय, मोकळी होऊ दे. धक्काबिक्का काही नव्हता. आई रागावली होती. तिने बाबांचं नाव टाकलं होतं, त्यांची खुर्ची माळ्यावर चढवली होती, आणि कुणी विषय काढला तर “ज्याने त्याने आपल्या कर्माने जावं” एवढंच म्हणायची. ऐकीव गोष्टींवर एरवी ती काडीचा विश्वास ठेवत नसे. भाजीवाल्याने वजन सांगितलं तरी पिशवी हातात तोलून बघणारी बाई. पण बाबा प्यायचे यावर तिची अशी ठाम खात्री होती की काचवालीला त्याचीच भीती वाटायची. तिला स्वतःला जगात आता एकच गोष्ट हवी होती: बाबा खरंच प्यायचे का, हे कळावं. हो असेल तर हो. पण कुणाच्या तरी अंगठ्यावरून नको.

रविवारी दुपारी आई आतल्या खोलीत आडवी झाली तेव्हा तिने कांडी टीव्हीला लावली. यातून काय कळणार होतं, हे तिलाही माहीत नव्हतं. पण चार महिन्यांच्या संध्याकाळी बाबांनी ज्याच्यासमोर काढल्या, ते निदान बघावं.

कांडीवर बारीक दिवा लागला. टीव्हीचा पडदा काळाच राहिला. आणि मग त्या काळ्या पडद्यातून एक बाई बोलली, संथ, एकेक शब्द सुटा करत:

“‘वरचा मजला’ सापडत नाही. शोध सुरू आहे.”

काचवालीच्या हातातून वायर गळाली. आतून पलंग करकरला.

“कोण आलंय गं?” आई दारात आली.

“कुणी नाही. हे बोलतंय.”

“‘वरचा मजला’ सापडत नाही,” बाई म्हणाली. “शोध सुरू आहे.”

आईचा चेहरा उतरला. पण ती पडली आई. “मला माहीतच होतं वरचा मजला सापडत नाहीये ते,” ती कपाळावर बोट ठेवून म्हणाली. “जागेवर असता तर हे दिवस आले नसते. बंद कर ते.”

बंद करायला रिमोट हवा होता. कांडीला एकही बटण नव्हतं, फक्त टाचणी जाईल एवढं भोक. वायर उपसली की ती गप्प व्हायची, परत लावली की दहा सेकंदांनी पुन्हा तेच. काचवालीने तीनदा लावून पाहिली. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा तिने काही तपासायला लावली नव्हती. ती बाई त्या घराचं नाव घेत होती, जिथे बाबा होते. ते ऐकत राहावंसं वाटत होतं आणि अंगावर काटाही येत होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली. त्याने कांडी उलटसुलट करून पाहिली.

“नवा रिमोट मिळेल, ताई. पण तो जोडायचा तर आत जाऊन मंजुरी द्यावी लागते, आणि आत जायला जुना रिमोट लागतो.”

“म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.”

“बरोब्बर. नाहीतर या भोकात टाचणी दाबून धरायची. सगळं पुसलं जातं. कोरं करकरीत.”

“पुसायचं नाहीये.”

तिच्या आवाजात काहीतरी असावं. त्याने कांडी गल्ल्यावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. “मग एक उपाय आहे. हे यंत्र हट्टी असतं. ज्या घरच्या वाय-फायला एकदा जोडलं, तेच शोधत बसतं. ते नाव काय म्हणतंय?”

“‘वरचा मजला’.”

“मग एका फोनचं नेट वाटायला लावायचं, आणि त्याचं नाव ठेवायचं ‘वरचा मजला’. पासवर्ड तिथला होता तोच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्याला वाटतं आपण तिथेच आहोत, आणि ते जोडून घेतं. मग दुसरा फोन त्याच नेटवर आणायचा, त्यात अ‍ॅप टाकायचं, तो झाला रिमोट. एका फोनने घर व्हायचं, दुसऱ्याने रिमोट.”

“म्हणजे फसवायचं त्याला.”

“फसवायचं कशाला? घरी आलास म्हणून सांगायचं.”

पासवर्ड फक्त घरमालकिणीला ठाऊक असणार. काचवालीने तिला फोन लावला. जिन्याखाली बाबा तिलाच पहिल्यांदा दिसले होते, म्हणून हा फोन ती दीड महिना टाळत होती.

“काटेवाल्यांची मुलगी का गं तू? फार सज्जन माणूस. म्हणजे… असो.”

त्या ‘असो’च्या पोटात काय होतं ते काचवालीला बरोबर कळलं. तिने पासवर्ड विचारला.

“जे नाव तेच. इंग्रजीत, सगळं जोडून, पुढे चार शून्यं. मला लक्षात राहत नाही बाई वेगळं काही. त्यांचं यंत्र मीच लावून दिलं होतं. मला वर बोलावलं, म्हणाले, माझी बोटं जाडी, बटणं चुकतात. आणि ती बोलणारी बाई चालू करायला लावली. म्हणाले, एकटा असतो, कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. रिमोट त्यांनी पलंगाला नाडीने बांधून ठेवला होता बघ. सारखा हरवायचा. एकदा मी वर गेले तर गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत होते. सकाळी सकाळी. मी मुकाट्याने खाली आले. काय बोलणार?”

“रिमोट मग तिथेच आहे?”

“पलंग भंगारात दिला गं आम्ही. नाडीसकट गेला असणार.”

काचवालीने फोन ठेवला. तिच्या बाबांना एका परक्या बाईने फरशीवर रांगताना पाहिलं होतं. आता तिला वाटलं, टाचणी दाबावी आणि मोकळं व्हावं. आईचंच बरोबर असेल, तर आणखी खोल जाऊन हाताला काय लागणार? पण खोल गेल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती, हेही तितकंच खरं.

पुढच्या रविवारी तिने आईकडे तिचा फोन मागितला आणि कशाला तेही सांगितलं.

“माझ्या फोनला त्या घराचं नाव?” आई एकदम कडाडली. “सहा वर्षं तो मजला माझ्या डोक्यावर होता. आता हातात आणून ठेवतेस?”

“दहा मिनिटांसाठी.”

“काय मिळणार आहे तुला त्यात?”

“माहीत नाही. पण असं नाही केलं तर पुसावं लागेल. मग त्यांचं म्हणून काही उरणार नाही त्यात.”

आईने फोन तिच्याकडे सरकवला आणि पदराने हात पुसत स्वयंपाकघरात गेली. हात कोरडेच होते.

काचवालीने एकेक अक्षर तपासून नाव घातलं, पासवर्ड घातला, फोन टीव्हीशेजारी ठेवला. बाहेर ऊन होतं, पडदे ओढलेले, खोलीत अर्धवट उजेड. तिने कांडी लावली.

“‘वरचा मजला’ सापडत नाही. शोध सुरू आहे.”

ती वाट बघत राहिली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“‘वरचा मजला’ सापडला,” बाई म्हणाली. “जोडत आहे. पुन्हा स्वागत आहे.”

काचवालीने मागे वळून दाराकडे पाहिलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. दार लावलेलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं, पण घरात आता दोघींपेक्षा जास्त माणसं आहेत असं तिला स्वच्छ वाटलं. कांडीला वाटत होतं की ती अजून त्या वरच्या खोलीत आहे, समोर पलंग आहे आणि पलंगावर बाबा. स्वागत त्यांचं केलं होतं.

“फोनवर हा आकडा टाका,” बाई म्हणाली. “सहा. शून्य. तीन. नऊ.”

तिने आपल्या फोनवर आकडा टाकला. फोनच्या पडद्यावर बाण उमटले, टीव्हीवर चित्र आलं, आणि ते चित्र बिघडलेलं होतं. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, इतकी मोठी की तीन शब्दांत टीव्ही भरला. चौथा शब्द काठावर अर्धा कापला गेला होता. बाण दाबला की बाई तो शब्द वाचायची. पुन्हा दाबला की पुढचा.

“आधी त्या बाईचं तोंड बंद कर,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “मग काय बघायचं ते बघ.”

म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, काचवाली सेटिंगमध्ये गेली. स्वतःला बंद करायची वाट बाई स्वतःच वाचून दाखवत होती.

“पडदा वाचून दाखवणे: चालू. बोलण्याचा वेग: सर्वांत संथ.”

बाण खाली.

“अक्षरांचा आकार: सर्वांत मोठा. ठळक रंग: चालू. काळ्यावर पिवळा.”

बाण खाली.

“चित्रात काय चाललं आहे ते बोलून सांगणे: चालू.”

काचवालीचं बोट फोनवर तसंच राहिलं. ती चौदा वर्षं डोळ्यांच्या धंद्यात होती. दुकानात महिन्यातून एखादं गिऱ्हाईक असं यायचं की ज्याच्या चिठ्ठीवर नंबरच नसायचा. डॉक्टरने फक्त लिहिलेलं असायचं, काचेने उपयोग नाही. अशी माणसं दारातून आत येताना चौकटीला हात लावून येत. पेला ठेवताना आधी बोटांनी टेबलाची कड शोधत. मोठी, उजळ अक्षरं तेवढी कुठे कुठे वाचत, दुकानावरची पाटी, घड्याळाचे लाल आकडे.

लाल आकडे. भिंतीला लावलेला हात. कपाबाहेर गेलेला चहा. फरशीवर रिमोट शोधणारे गुडघे. कुणी एकानेही खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने जे पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून माणसाला दारुडा ठरवलं होतं.

“काय झालं?” आईने विचारलं.

काचवालीला आता थांबता येत नव्हतं. ती शोधायच्या पानावर गेली. तिथे रिमोटमध्ये बोलून माणूस काय काय शोधतो त्याची यादी राहते. नवं वर, जुनं खाली.

“आधीचे शोध,” बाई म्हणाली. “जुनी गाणी. बसचं वेळापत्रक. आजच्या बातम्या. नजर कमी झालेल्यांना कोणती कामं मिळतात. जुनी गाणी. जिना उतरायची सोपी पद्धत. गेलेली नजर परत येते का. गेलेली नजर औषधाने परत येते का. जुनी गाणी.”

बाई एकाच सुरात वाचत होती. काचवालीला मात्र बाबांचा सूर ऐकू येत होता. बाबा त्या खोलीत पलंगावर बसून, दोन हातांनी रिमोट तोंडाशी धरून, हलक्या आवाजात एका यंत्राला हे विचारत होते. कारण यंत्र कुणाला सांगायला जाणार नव्हतं.

“चष्म्याचा नंबर साधारण किती असतो,” बाई म्हणाली.

तिला आठवला तो वर्षापूर्वीचा फोन. “बाळा, तिकडच्या डॉक्टरकडे डोळे तपासले. लिहून घे नंबर. दोन्हीकडे उणे अडीच.” चिठ्ठीशिवाय काच घासायची नाही, हा कारखान्यातला पहिला नियम. मालकाच्या मेव्हण्यालाही तिने एकदा चिठ्ठीसाठी परत पाठवलं होतं. पण हे बाबा होते. त्यांना कुठे चिठ्ठी पाठवायला लावायची, म्हणून तिने फोनवरूनच नंबर घेतला. अकरा वर्षं बाबांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा पाऊण नंबराने पुढे होता. ते तिला पाठ होतं. दोन्ही डोळे एकदम सारखे झालेले पाहून तिला आश्चर्य वाटलं, आणि ती काय म्हणाली? “बाबा, तुमचे डोळे जुळे झाले की.” दोघंही हसले. तिने काचा घासल्या, स्वतः बसवल्या, जास्तीची मऊ फडकी घालून पाठवल्या. आठ दिवसांनी बाबांचा फोन आला, “एकदम स्वच्छ दिसतं हं. हात आहे तुझा.”

काचेवर ओरखडा नव्हता, कारण ती कुणी कधी घातलीच नव्हती.

“दिसत नव्हतं त्यांना?”

आई टीव्हीजवळ उभी होती. कधी आली ते कळलं नाही. ती पिवळ्या अक्षरांकडे बघत होती.

“नाही.”

“अजिबात?”

“मोठं अक्षर, तेही पिवळं नाहीतर लाल असेल तर. आई, वर्ष होऊन गेलं असेल. काचा मी घासल्या. नंबर खोटा आहे हे मला कळायला हवं होतं. मला सोडून कुणाला कळणार होतं ते?”

“म्हणजे प्यायचे नाहीत.”

“नाही गं. मी काय सांगतेय…”

“थेंबही नाही?”

“नाही.”

आईने तिचं बाकीचं काही ऐकलंच नसावं. ती सावकाश खाली बसली, खुर्चीवर नाही, टीव्हीसमोर फरशीवर.

“शेवटचे आले होते ना घरी,” ती म्हणाली, “तू कामावर गेली होतीस. मी पाणी दिलं. त्यांनी पेला ठेवला तो टेबलाच्या बाहेर. फुटला. उठले ते दार समजून कपाटाकडे गेले. मी म्हटलं, पिऊन आलात का?”

“मग?”

“हो म्हणाले.”

“बाबा?”

“जरा थांबले आधी. मग म्हणाले, हो, हल्ली घेतो थोडी. मला असा संताप आला गं. म्हटलं, सोडल्याशिवाय या घराचा उंबरा चढायचा नाही. तू विचारायचीस ना, का येत नाहीत? मी येऊ दिलं नाही.” आईचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते. “तू झोपलीस की रोज फोन करायचे मी. रोज बोलायचे. वाटेल ते बोलायचे. ते ऐकून घ्यायचे. म्हणायचे, सोडतो, नक्की सोडतो. मग त्या दिवशी, आदल्या दिवशी, मी म्हटलं, माझी शपथ घ्या. तर हसले. म्हणाले, तुझी शपथ, थेंबाला शिवत नाही. मी म्हटलं, मग या. म्हणाले, उद्या सकाळच्याच बसने येतो. आलो की सगळं सांगतो.”

“ते कामावर नव्हते निघाले?”

“घरी निघाले होते.”

बाई मध्येच काहीतरी म्हणाली. दोघींनाही ते ऐकू गेलं नाही.

“मला वाटलं, त्या रात्री पुन्हा प्यायले. माझी शपथ मोडली, आणि मला काही झालं नाही, त्यांनाच झालं. दीड महिना मी हेच म्हणत होते मनात. चांगली अद्दल घडली, म्हणत होते.” तिचा आवाज फुटला. “खरी होती गं शपथ. पहिल्यापासून खरी होती.”

काचवाली तिच्याजवळ फरशीवर बसली. स्वतःचा अपराध तिच्या जिभेवर तयार होता, काचांचा, चिठ्ठीचा, त्या हसण्याचा. तो तिने गिळला. आईच्या खांद्यावर हात ठेवला तर ते हाड किती बारीक झालंय हे हाताला कळलं.

“पण मग हो का म्हणाले?” आईने विचारलं. ती आता रडत होती, तोंड वेडंवाकडं करून, भर दुपारी, आजूबाजूची घरं जागी असताना. “दिसत नाही म्हणून सांगायचं ना मला. मी काय टाकून दिलं असतं?”

उत्तर आईलाच सुचलं, नाक पुसता पुसता.

“सोडता येईल असं काहीतरी सांगितलं त्यांनी मला,” ती म्हणाली.